दिवा चालू, हवा स्वच्छ

चिमी : आधी पट्टा लावा. नाही अण्णा, आधी पट्टा, मग घाम पुसा. पंचवीस वर्षं लोकांना गाडी शिकवतेय, पट्ट्याशिवाय कुणाला गल्लीचं टोकसुद्धा दाखवलं नाही. बाप असलात म्हणून काय झालं?

अण्णा : लावला. चल आता.

चिमी : चल काय चल! तो म्हातारा अजून दारात उभा आहे बघा, मोबाइल हातात धरून. भिंतीवर तुमचा फोटो, फोटोखाली पदकाचा दाखला, आणि समोर तुम्ही हाडामांसाचे! त्याच्या बचावबोटीच्या शेडमध्ये आजवर गंज चढल्याशिवाय काही आलं नसेल. एक फोटो काढू दिला असतात तर काय झिजला असतात?

अण्णा : उशीर होतोय. पुढचं संग्रहालय एकला बंद होतं. बुधवार आणि शनिवार, अकरा ते एक.

चिमी : आत्ता कुठे सव्वाअकरा झालेत. वीस किलोमीटर रस्ता.

अण्णा : अकरा एकोणीस.

चिमी : हां, एकोणीस! दीपगृह सोडून अठरा वर्षं झाली, मिनिटं काही सुटली नाहीत. बरं, मला एक सांगा. सकाळपासून तीन झाली. पहिलं शाळेत, दुसरं बर्फाच्या कारखान्यात, तिसरं हे. तिन्ही ठिकाणी तेच. गंजका नांगर, जाळ्याचे काचेचे गोळे, देवमाशाचा मणका. तुम्ही त्यातलं काहीच बघितलं नाहीत. आत शिरलात की पहिला प्रश्न, ‘जुन्या नोंदवह्या कुठं ठेवल्यात?’

अण्णा : बघितलं की. पहिल्या ठिकाणी भिंगाचं कार्ड चुकीचं होतं. चौथ्या प्रतीचं भिंग आणि तिसऱ्या प्रतीचं लिहिलेलं.

चिमी : हो, आणि त्या मास्तरांना उभं करून तिथंच कार्ड दुरुस्त करायला लावलंत. बर्फाच्या कारखान्यात ‘वादळाची घंटा’ असं लिहिलं होतं, तर म्हणे ही जेवणाची घंटा आहे. लोकांचा किती विरस करता तुम्ही!

अण्णा : खोटं लिहू नये माणसानं. लोक वाचतात.

चिमी : मग तुमचं खरं लिहिलेलं वाचायला एवढा घाम का फुटला? दाखला मी मोठ्यानं वाचत होते तर माझा दंड धरून बाहेर ओढलंत. सालपट निघालंय बघा.

अण्णा : गोळी दे. छातीत धडधडतंय.

चिमी : अगंबाई. थांबा, बाजूला घेते. कुठं आहे डबी? सदऱ्याच्या खिशात? हलू नका, मी काढते. ही चिठ्ठी, हा रुमाल, हे... हे काय आहे?

अण्णा : ते राहू दे.

चिमी : दाढीचं ब्लेड. कागदात गुंडाळलेलं. अण्णा, तुम्ही सहा वर्षं इलेक्ट्रिक मशीननं दाढी करताय.

अण्णा : गोळी दे आधी.

चिमी : ही घ्या. जिभेखाली. आता बोला. नाही, गोळी विरघळू दे, मग बोला. पण बोला. हे ब्लेड कुणासाठी? माझ्याकडे बघा. तुम्ही स्वतःला काही...

अण्णा : छे छे. वेडी का तू? पान कापायला.

चिमी : कसलं पान?

अण्णा : वहीचं.

चिमी : कुठल्या वहीचं? अण्णा, मी गाडी बंद करते. किल्ली काढून माझ्या हातात ठेवली बघा. एक वाजो, दोन वाजोत, संग्रहालय बंद होवो नाहीतर जळून जावो. कुठल्या वहीचं?

अण्णा : त्या रात्रीच्या.

चिमी : लाँच फुटली त्या रात्रीच्या? जिचं तुम्हाला पदक मिळालं?

अण्णा : दीपगृह आपोआप चालणारं झालं तेव्हा खात्यानं जुन्या वह्या वाटून टाकल्या. किनाऱ्यावर जो मागेल त्याला. कुठली वही कुठं गेली याची यादीसुद्धा ठेवली नाही. चार महिने मी फोन करतोय. आता रविवारी दीपगृहाच्या शंभरीचा कार्यक्रम. सगळ्या संग्रहालयांकडून वस्तू मागवल्यात, एका हॉलमध्ये, एका टेबलावर.

चिमी : ठाऊक आहे. आमंत्रणपत्रिका मीच वाटल्यात ना गावभर. प्रमुख पाहुणे म्हणून तुमचं नाव.

अण्णा : तो दाखला तुला पाठ आहे. म्हण बघू.

चिमी : ‘पहाटे चार ते सात या वेळेत, प्राणाची पर्वा न करता, दीपगृहरक्षकाने पाण्यात राहून तीन जीव वाचवले.’ रोज म्हणते मी. ऑफिसात माझ्या खुर्चीच्या मागे लावलाय. गाडी शिकायला आलेला माणूस घाबरला की त्याला वाचायला लावते.

अण्णा : चार ते सात पाण्यात. आणि वहीत चार वाजता नोंद आहे. पाचला आहे. सहाला आहे. ‘दिवा चालू, हवा स्वच्छ.’ खाली सही.

चिमी : पाण्यातून?

अण्णा : आदल्या संध्याकाळी. दिवा लावला की बसायचं आणि सकाळपर्यंतचे रकाने भरून टाकायचे. सगळे करायचे, चिमे. मला माझ्या आधीच्यानं शिकवलं, त्याला त्याच्या आधीच्यानं. रात्री हवा बदललीच तर त्या ओळीवर शाई सांडायची आणि बाजूला नवं लिहायचं. म्हणून आमच्या वह्यांवर एवढे डाग. साहेब म्हणायचे, दीपगृहवाले म्हणजे गचाळ कारभार. आम्ही आपले हसायचो.

चिमी : आणि त्या रात्री?

अण्णा : त्या रात्री धुकं आलं. धुकं आलं की भोंगा सुरू करायचा. दर मिनिटाला एकदा, धुकं उठेपर्यंत. मी केला नाही.

चिमी : का?

अण्णा : काच खाली घे जरा.

चिमी : मी आजारी होते? तापबीप? आईला काही झालं होतं?

अण्णा : नाही.

चिमी : जोडीदार रजेवर होता, तुम्ही एकटेच होता आठ दिवस. आई सांगायची.

अण्णा : एकटा होतो. पण त्याच्यावर ढकलू नको. त्याआधीही एकटा राहिलोय. तू आजारी नव्हतीस, तुझी आई ठणठणीत होती. मला झोप लागली. एवढंच आहे. जाग आली ती ओरडण्यानं. खाली उतरलो तोवर धुकं उठलं होतं, चांदण्या दिसत होत्या. खडकावर लाँच आडवी. दोन खलाशी आधीच गेलेले. कप्तान आणि दोन प्रवासी हाताला लागले.

चिमी : आणि चौकशी?

अण्णा : प्रवासी खाली झोपलेले, त्यांनी वर येऊन पाहिल्या त्या चांदण्याच. धुकं होतं म्हणणारा एकटा कप्तान. आणि वही म्हणते हवा स्वच्छ. साहेबांनी मला एकच विचारलं, ही सही तुमची का? मी म्हटलं, हो.

चिमी : आणि?

अण्णा : आणि त्यांनी पुढं विचारलं नाही. त्यांना दुपारच्या बोटीनं घरी जायचं होतं.

चिमी : साहेबाचं राहू द्या. त्यानं विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. कप्तानाचं काय झालं?

अण्णा : परवाना गेला. दोन माणसं मारली म्हणून नाव झालं. पुढं कुठं गेला, काय केलं... विचारलं नाही मी कुणाला.

चिमी : नाहीच विचारणार! पदक छातीला लावल्यावर मान खाली वळत नाही. अण्णा, मी माझ्या शाळेचं नाव ‘दीप’ ठेवलं. तुमच्यावरून. नवशिक्यांना सांगते, माझ्या बापानं एका रात्रीतसुद्धा डुलकी काढली नाही, आणि तुम्हाला दोन मिनिटं आरशात बघवत नाही! पंचवीस वर्षं मी लोकांना हे सांगितलं. तुम्ही समोर चहा पीत बसायचात. ऐकायचात.

अण्णा : ऐकायचो.

चिमी : आणि आता ते पान कापायला मला ड्रायव्हर म्हणून आणलंत. मला सांगितलंत, ‘जरा किनाऱ्यानं फिरून येऊ, जुन्या गोष्टी बघू.’ मी दोन दिवस क्लास बंद ठेवला. डब्यात तुमच्या आवडीचं भरलं!

अण्णा : बसनं आलो असतो, पण चार ठिकाणं एका दिवसात होत नाहीत.

चिमी : वा! वेळापत्रकाचा प्रश्न होता होय.

अण्णा : चिमे, साडेअकरा वाजले. तुला यायचं नसेल तर मला इथंच उतरव. पण रविवारी मी त्या खुर्चीवर बसणार, आणि टेबलावर एकीकडे तो दाखला आणि दुसरीकडे ती वही असणार. कुणीतरी एक माणूस वाकून बघेल. एकच पुरे.

चिमी : ब्लेड माझ्याकडे राहील. पट्टा लावा.

अण्णा : म्हणजे जायचं?

चिमी : पट्टा लावा म्हटलं ना.

(जुन्या पोस्टाची एकच खोली. भिंतीला लागून काचेच्या पेट्या, खिडकीशी टाइपरायटर. टेबलामागे साठीकडे झुकलेली बाई.)

बाई : या. आधी नोंद करा तिथं. नाव, गाव, वेळ.

चिमी : नोंद केलीच पाहिजे का? आम्ही पटकन एक चक्कर मारून निघणार आहोत.

बाई : केलीच पाहिजे. वर्षाला दोनशे माणसं येत नाहीत, तुम्ही दोघं कशाला फुकट घालवू? घ्या काका, पेन. बसून लिहा. दम लागलाय तुम्हाला.

अण्णा : लिहितो.

चिमी : अण्णा, द्या, मी लिहिते.

अण्णा : लिहिलं.

बाई : ‘बारा वाजून चार मिनिटे.’ लोक नुसतं ‘दुपार’ लिहितात हो. परवा एकानं ‘उन्हात’ लिहिलं होतं.

चिमी : त्यांना सवय आहे. एवढं सगळं तुम्ही एकट्यांनी जमवलंत?

बाई : एकटीनंच. तीस वर्षं कोर्टात साक्षी टाइप केल्या. निवृत्त झाल्यावर बोटं शिवशिवायची, म्हणून पेट्यांची कार्डं टाइप करायला लागले. आधी कार्डं झाली, मग त्यांच्यासाठी वस्तू शोधल्या, असंच म्हणा. हसताय काय काका, खरं तेच सांगतेय.

अण्णा : कार्डं चांगली आहेत. ‘हा नांगर कोणत्या बोटीचा ते कळत नाही. विकणाऱ्याने तीन वेगवेगळ्या बोटींची नावे सांगितली.’ असं कुणी लिहीत नाही.

बाई : मी जे माहीत आहे तेच लिहिते. साक्षी ऐकून ऐकून कान तयार झालेत. माणूस खोटं सांगायला लागला की फार नीट सांगतो. अडखळत नाही, मागे जात नाही. खरं सांगणारा चार वेळा म्हणतो, थांबा, तसं नव्हतं.

चिमी : अण्णा, चला, ही जाळी बघा. केवढी बारीक वीण आहे!

अण्णा : त्या पेटीत काय आहे? तिचं कार्ड कोरं आहे.

बाई : दीपगृहाची वही. खात्यानं रद्दीत काढली होती, मी मागून घेतली. चार महिने झाले.

चिमी : अण्णा.

अण्णा : कार्ड का कोरं?

बाई : सांगितलं ना. माहीत नसेल ते लिहीत नाही. बघायचीय? काच काढते. दीपगृहातला माणूस दिसताय, तुम्हाला वाचता येईल. हं. हे पान मी उघडून ठेवलंय. एकेचाळीस वर्षं झाली याला.

अण्णा : रविवारी देणार आहात ही? कार्यक्रमाला?

बाई : देणार तर. पत्र आलंय. मी उलट त्यांना कळवलंय, माझी वही बचावबोटीच्या शेडमधल्या दाखल्याच्या शेजारी मांडा. अगदी खेटून. घ्या, बघा निवांत. मी मागं चहाचं आधण ठेवून येते. स्टोव्ह जरा कुरकुरतो, दहा मिनिटं लागतील. ओल्या हातानं पान उलटू नका, एवढंच.

चिमी : दहा मिनिटं?

बाई : दहा. कधी बारा.

अण्णा : गेली.

चिमी : तिला माहीत आहे. अण्णा, तिला सगळं माहीत आहे. ‘अगदी खेटून.’ ऐकलंत ना? आत्ता क्लच दाबायला सांगितलं तर गाडी भिंतीवर घालेन.

अण्णा : हेच पान.

चिमी : घ्या.

अण्णा : ब्लेड? हे कुठं होतं? तू गाडीत ठेवलं नव्हतंस?

चिमी : पर्समध्ये होतं. घ्या ना! बघताय काय? कापा.

अण्णा : तासाभरापूर्वी तू मला...

चिमी : तासाभरापूर्वीचं तासाभरापूर्वी. तेव्हा मला फक्त राग आला होता. आता भीती वाटतेय. अहो, रविवारी माझे सगळे विद्यार्थी येणार आहेत. जावई येणार आहे. तुमचं वय अठ्ठ्याहत्तर, छाती अशी. तिथं हॉलमध्ये माइकवरून कुणी विचारलं तर तुम्ही खुर्चीतून उठणार नाही, उचलून आणावं लागेल. खलाशी गेले, कप्तान आणि साहेबही एव्हाना गेले असतील. कुणाचं काय अडलंय आता? कापा आणि चला.

अण्णा : पानांना छापील आकडे आहेत. एकशे चौदानंतर एकदम एकशे सतरा आला तर...

चिमी : तर म्हणू उंदरांनी खाल्लं! मी कापू का? सरका. दाखवा, कुठून कापायचं.

अण्णा : थांब. हे बघ.

चिमी : वेळ नाही बघायला.

अण्णा : बघ तरी. हे आदल्या रात्रीचं. दोन डाग, इथं अन् इथं. पाऊस आला होता, मी वर लिहिलंय. हे त्याच्या आदल्या रात्रीचं. एक डाग, चहाचं वर्तुळ, एके ठिकाणी पेन घसरलंय. आणि हे. अकरा ओळी. एक डाग नाही. अक्षर कसं मोत्यासारखं. आख्ख्या वहीत एवढं सुंदर पान नाही, चिमे. शाळेत दाखवावं असं.

चिमी : अण्णा, स्टोव्हचा आवाज थांबला.

अण्णा : माझा हात धर. सोड ते ब्लेड आणि हात धर.

चिमी : ती येतेय.

बाई : चहा घ्या. कप जरा फुटका आहे, कानाकडून धरा. फाडलं नाहीत म्हणजे.

चिमी : काय? काय फाडलं नाही?

बाई : ताई, ते टेबलावरचं उचलून ठेवा आधी, बोट कापेल. फाडलं असतंत तरी माझ्याकडे फोटो आहेत. चार महिन्यांत हीच वही बघायला म्हणून तिघं येऊन गेले. एकेका दीपगृहावरचे जुने लोक. प्रत्येकाला मी चहा करायला म्हणून एकटं सोडलं.

चिमी : म्हणजे परीक्षा घेत होतात आमची? म्हाताऱ्या माणसाची? लाज नाही वाटत?

बाई : नाही वाटत. नुसत्या नावानं भागलं नसतं, नाव मला दाखल्यावरून पाठ आहे, पण एकाच नावाची दहा माणसं असतात. मला अक्षर हवं होतं. ते काकांनी दारातच दिलं. बारा वाजून चार मिनिटे. हा चारचा आकडा बघा आणि वहीतला हा चारचा आकडा बघा. एकेचाळीस वर्षांत वरचं टोक मिटलं नाही.

अण्णा : तुम्ही कोण?

बाई : लाँचच्या कप्तानाची मुलगी. सतरा वर्षांची होते तेव्हा.

चिमी : अण्णा, बसा. बसा खुर्चीत. बाई, त्यांना आत्ताच गोळी दिलीय, काय बोलायचं ते मला बोला.

बाई : तुम्हाला कशाला बोलू? तुम्ही तर दीपगृहात भातुकली खेळत असाल तेव्हा. काका, घाबरू नका. मी चार महिने पाठ केलेलं बोलणार होते. वाक्यंसुद्धा ठरली होती. तुम्ही त्यांना पाण्यातून काढलंत, त्यामुळं मला आणखी अकरा वर्षं बाप मिळाला. त्याबद्दल मी देवाशपथ तुमचे उपकार मानते. आणि त्या अकरा वर्षांत तो माणूस दुसऱ्यांची जाळी शिवत बसला. धक्क्यावर गेला की लोक गप्प व्हायचे. माझ्या लग्नात दोन्ही खलाशांच्या घरचं कुणी आलं नाही, आणि त्यानं दारात उभं राहून शेवटच्या पाहुण्यापर्यंत त्यांची वाट बघितली. हे तुमच्यामुळं. हे पण देवाशपथ.

अण्णा : हो.

बाई : ‘हो’ काय? चौकशीतही तुम्ही एवढंच म्हणालात. ‘हो.’ मी कागद वाचलेत.

अण्णा : तो भरलेला रकाना आदल्या संध्याकाळचा आहे. भोंगा मी वाजवला नाही. तुमचे वडील खरं बोलत होते.

बाई : ते मला या पानावरून कळलंच आहे. डाग नाही एकही. बाकी वही अशी बरबटलेली, आणि ज्या रात्री दोन माणसं मेली त्या रात्री अक्षर मोत्याचं. कोर्टात असती तर ही साक्ष मी टाइप करतानाच ओळखली असती. धुक्याचं मला कोडं नाही काका. मला दुसरंच कोडं आहे. ते रविवारी विचारणार होते, सगळ्यांसमोर. आता इथंच विचारते.

चिमी : हळू विचारा हो.

बाई : चौकशीच्या कागदात आहे, ‘कप्तानाच्या तोंडाला दारूचा वास येत होता.’ ते आयुष्यभर म्हणत राहिले, मी लाँचवर कधी प्यायलो नाही. धुक्याचं मी मानलं. याचं नाही मानलं. आईनंही नाही. आम्ही त्यांच्या तोंडावर म्हणायचो, बरं बाबा, नाही प्यायलात. जसं लहान मुलाला म्हणतात तसं. ते मेले तोवर म्हणत होतो.

अण्णा : थांबा. थांबा, तसं नाही ते.

बाई : मग कसं?

अण्णा : वास होता. होताच. पण ती माझी बाटली. मी... थांबा, आधी प्रवाशांना वर ठेवलं, मग परत गेलो. नाही, चुकलं. एका प्रवाशाला ठेवलं, मग तुमच्या वडिलांना आणलं. त्यांचे ओठ निळे पडले होते, दात वाजत होते. पडवीत फडताळात अर्धी बाटली असायची, थंडीची. मी त्यांचं नाक दाबून तोंडात ओतली. ते नको नको म्हणत होते. थुंकले माझ्या हातावर. मी ओतली. साहेब आले तेव्हा वास माझ्या बाटलीचा होता.

चिमी : हे तुम्ही मला नाही सांगितलं.

अण्णा : हे मी कुणालाच सांगितलं नाही. साहेब माझ्यादेखत म्हणाले, याला वास येतोय. बाटली माझ्या मागं फडताळात होती. मी बोललो असतो तर विचारलं असतं, दीपगृहात बाटली कशी? नोकरी गेली असती. मग वही नीट बघितली असती.

बाई : नको नको म्हणत होते?

अण्णा : म्हणत होते, मी पीत नाही.

बाई : बसते जरा.

चिमी : बाई, पाणी आणू? कुठं आहे पाणी?

बाई : काही नको. चहा गार होतोय तुमचा. प्या.

अण्णा : मी रविवारी येईन. सत्काराच्या खुर्चीवर नाही बसणार. पण येईन.

चिमी : अण्णा, विचार करून बोला.

अण्णा : एकेचाळीस वर्षं विचारच केला ना.

चिमी : आणि माझे विद्यार्थी? त्यांना काय सांगू मी? ऑफिसातला दाखला?

अण्णा : दाखला राहू दे. पोहलो ते खोटं नाही. शेजारी या पानाचा फोटो लाव. या बाई देतील.

चिमी : म्हणजे येईल तो विचारणार.

अण्णा : विचारू दे. सांग, झोप आली तर गाडी बाजूला घे.

चिमी : तुम्ही ना... नाक पुसा आधी. घ्या रुमाल.

बाई : वहीत काही लिहायचं नाही काका, पेन ठेवा खाली. वही जशी आहे तशीच राहील. कार्ड रिकामं आहे ते भरू. तुम्ही सांगा, मी टाइप करते. कागद चढवला. बोला. सावकाश. पहिली ओळ?

अण्णा : ‘या पानावरच्या सर्व नोंदी आदल्या संध्याकाळी केलेल्या आहेत.’

बाई : हं.

अण्णा : ‘धुक्यात भोंगा वाजवला गेला नाही.’

बाई : ‘वाजवला गेला नाही’ हे साहेबी झालं.

अण्णा : ‘मी भोंगा वाजवला नाही.’

बाई : हं. पुढं.

अण्णा : ‘कप्तान प्यायलेले नव्हते. ब्रँडी त्यांना मी नंतर पाजली, त्यांची इच्छा नसताना.’

बाई : जरा थांबा. चष्मा पुसते. हं. आता वेळ. धुकं किती वाजता आलं?

अण्णा : ते मला नाही सांगता यायचं. झोपलो होतो.

बाई : मग वेळेची जागा मोकळी सोडू?

अण्णा : तुमचे वडील काय म्हणायचे?

बाई : पावणेतीन.

अण्णा : पावणेतीन लिहा.